मुलांच्या भातावर मुरूम का टाकला? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
कर्नाटक सरकार, बेंगळुरू

सविनय नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एक शेतकरी असून गावच्या सरकारी मराठी शाळेच्या एसडीएमसीची, म्हणजे शाळेचा कारभार बघणाऱ्या समितीची, सदस्य आहे. गेल्या आठवड्यात एका कार्यक्रमाचा मांडव घालायचा म्हणून शाळेमागे मुलांनी भात लावलेल्या वाफ्यांवर मुरूम ओतून रोलर फिरवण्यात आला. भात निसवले होते, दाणा दुधात होता. आणखी महिनाभर कोणी हात लावला नसता, तर मुलांनी ते स्वतः कापले असते. ज्या अधिकाऱ्यांनी उन्हाळ्यात पालकांच्या सभेत उभे राहून ‘आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष शेतीचा तास घ्या, बियाणे, अवजारे आणि मराठीतून शिकवणारा माणूस आम्ही देतो’ असा शब्द दिला होता, त्यांच्याच तोंडी हुकमाने हे झाले. कबूल केलेल्यांपैकी काहीही आले नाही. तास आम्ही गावातल्या बायकांनी घेतला, खुरपी घरून नेली आणि बियाणे मी दिले.

ते बियाणे बेळगाव बासमतीचे होते. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारातल्या या तांदळाने एके काळी बेळगावचे नाव केले. पण भात उंच वाढून पडते आणि उतारा कमी देते म्हणून शेतकऱ्यांनी ते सोडून इंद्रायणी धरली, याचा दोष मी कोणाला देत नाही. माझ्या सासूबाई मात्र दरवर्षी एका तुकड्यात तेच लावत. बियाण्यासाठी त्या बांधाकडेच्या लोंब्या कधी घेत नसत, कारण तिथे शेजारच्या भाताची भेसळ होते. शेताच्या मधल्या, एकसारख्या पिकलेल्या लोंब्या हाताने खुडून, वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून शेणाने सारवलेल्या कणगीत ठेवत. त्या गेल्यावर ते मी राखले. यंदा माझ्या शेतातले भात गव्यांनी खाल्ले, त्यामुळे शाळेच्या वाफ्यात उभे होते तेवढेच माझे बियाणे होते, आणि आता तेही गेले. भरपाई किती मागता, असे मला विचारण्यात आले. सासऱ्यांच्या आधीपासून आमच्या घरात पेरल्या जाणाऱ्या बियाण्याची किंमत अर्जाच्या कोणत्या रकान्यात लिहायची, हे कृपया आपणच सांगावे. रात्री झोप लागत नाही, हे मी पत्रात लिहू नये असे घरचे म्हणाले, पण ते खरे आहे.

शेतकऱ्याच्या पोरांना शेती काय शिकवायची, ती घरी बघतातच, असे मांडव घालणाऱ्यांनी आम्हाला ऐकवले. महोदय, ती बघत नाहीत. आईबाप गोव्याला बांधकामावर किंवा बेळगावला कारखान्यात जातात, मुलांचा दिवस शाळेत आणि शिकवणीत जातो, आणि आजीला ठाऊक असलेले आजीबरोबर जाते. आमच्या तासाला मुलांनी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात टाकले, तरंगलेले पोचट दाणे काढले, तळाचे धुऊन सावलीत सुकवले आणि त्यांतले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती मोडावले ते मोजले. वर्षभर शेकडेवारीला घाबरणाऱ्या एका मुलीने त्या गोणपाटावर बोट ठेवून उगवण किती टक्के ते सांगितले. पावसाच्या सुरुवातीला मुले टाकळा, कुर्डू, भारंगी ओळखायला शिकली, आणि तेरे, म्हणजे रानातले अळू, चिंच किंवा आमसुलाशिवाय शिजवले तर घशाला खाज का सुटते, हेही शिकली. त्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, हे गुरुजींनी सांगितले, आणि पाला कितपत कोवळा खुडायचा, हे म्हाताऱ्या बायकांनी.

हे काही आमचे खूळ नाही. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात भरलेले काँग्रेसचे अधिवेशन हे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली झालेले एकमेव अधिवेशन, आणि त्याची शताब्दी आपल्या सरकारने मोठ्या थाटाने साजरी केली. त्याच गांधींनी १९३७ मध्ये वर्ध्याला हाताच्या कामातून शिक्षण देणारी नई तालीम मांडली. शाळाशाळांत पोषण परसबागा कराव्यात, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २०१९ मध्ये काढली. धारवाडचे कृषी विद्यापीठ १९८६ पासून आहे, पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था खुद्द बेळगावात आहे. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्कही दिला. एवढे सगळे असून आमच्या शाळेपर्यंत पोहोचला तो रोलर, याची लाज कोणाला वाटायची?

आणि हे मराठी शाळेच्याच वाट्याला का येते, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. १९५६ पासून आमची गावे महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांच्या सीमेच्या भांडणात आहेत, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, आणि त्या निकालाची वाट बघत बघत आमची शिकलेली पिढी म्हातारी झाली. कन्नडशी आमचे वैर नाही. बाजारात, बसमध्ये आम्ही ती बोलतोच. पण घटनेचे कलम ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय देण्यासाठी झटण्याची जबाबदारी राज्यावर टाकते, आणि पेरणी, भांगलण, मळणी शिकवायला आलेली कन्नड पत्रके मुलांना वाचताच आली नाहीत, तर ती जबाबदारी कोणी पाळली? एका राज्याचे पुढारी आमच्या नावाने भाषणे करतात, दुसऱ्या राज्याचे अधिकारी आमच्या अर्जावर शेरा मारून तो परत पाठवतात, आणि दोघांपैकी एकही आमच्या शाळेच्या मागे येऊन बघत नाही.

मुरूम काढून वाफ्यांची जागा शाळेच्या नावे लेखी राखून द्यावी, शेतीचा तास वेळापत्रकात घालावा, शिकवणाऱ्या गावकऱ्यांना मानधन द्यावे, साहित्य मराठीतही छापावे, आणि बेळगाव बासमतीचे खात्रीचे बियाणे कोणाच्या तरी कणगीतून शोधून काढावे, एवढे माझे मागणे आहे. हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात याल, तेव्हा आदेश निघावा. कारण आमच्याकडे धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत केलेली पेरणी, रोहिणीत, म्हणजे मेअखेरीस सुरू होते, आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर बियाणे शोधत बसलो तर आणखी एक वर्ष जाईल.

आपली,
खानापूर तालुक्यातील एक शेतकरी व पालक