९० दिवसांत बोट टेक्सासची होते, मग माणूस का नाही?

प्रति,
मा. कार्यकारी संचालक,
टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभाग, ऑस्टिन

विषय: नव्याने आलेल्या रहिवाशांचं मासेमारीचं लायसन्स

महोदय,

फेब्रुवारीतला शनिवार होता, सकाळची वेळ. रे रॉबर्ट्स तलावाच्या रॅम्पवर आपल्या एका गेम वॉर्डननी, म्हणजे शिकार-मासेमारीचे नियम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी, माझी बोट तपासली. लाइफ जॅकेटं मोजली, अग्निशामक पाहिला, बोटीच्या नाकावरचा टीएक्सने सुरू होणारा नंबर वहीत टिपला. मग माझं लायसन्स हातात घेतलं आणि पुन्हा एकदा बोटीकडे बघितलं. लायसन्सवर 'नॉन-रेसिडेंट' होतं. "बोट इथली आणि तुम्ही बाहेरचे?" त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. हा त्यांचा प्रश्नच मी आपल्यापुढे ठेवतो आहे.

मी मूळचा रायगडमधल्या पेणचा. लहानपणी वडिलांबरोबर खाडीवर गरवायला जायचो. गळाला जिताडा लागला तर त्या दिवशी घरी सणच. नोकरीमुळे मिनेसोटात गेलो आणि तिथे लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा भेटला. इंग्रजीत जिताड्यालाही 'एशियन सी बास' म्हणतात, पण दोघांचं नातं नावापुरतंच. हा बास सनफिशच्या कुळातला. तरीही तो पहिल्यांदा दोरीला हिसका देऊन पाण्याबाहेर उसळला तेव्हा मला पेणची खाडीच आठवली. तेव्हापासून हा छंद लागला तो लागलाच. गेल्या ऑक्टोबरच्या मध्यावर कंपनीनं डॅलसच्या उत्तरेला पाठवलं. सामानाच्या ट्रकमागोमाग माझी सतरा फुटी अॅल्युमिनियमची बोटही आली.

इथे आल्यावर सरकारनं मला एकेक करून टेक्सासचा करून घेतलं. गाडीची नोंदणी ३० दिवसांत, ड्रायव्हिंग लायसन्स ९० दिवसांत. दुसऱ्या राज्याच्या नंबरावर बोट तुमच्या पाण्यात ९० दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून तिचीही नोंदणी केली. सगळं वेळेत उरकलं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. बोट ज्या पाण्यात फिरते त्या राज्यात तिची नोंद असावी, हे मला पटतं.

नंबर बदलताना मात्र पोटात तुटलं. मिनेसोटाची जुनी अक्षरं हेअर ड्रायरनं गरम करून प्लास्टिकच्या पातीनं सोलून काढली. खालचा रंग उन्हापासून वाचलेला होता, त्यामुळे अक्षरं निघाली तरी त्यांची सावली राहिलीच. तिरक्या उजेडात 'एमएन' अजूनही वाचता येतं. वर नवीन अक्षरं लावली, किमान तीन इंच उंचीची, दोन्ही बाजूंना. माझी अकरा वर्षांची मुलगी पट्टी धरून उभी होती. अक्षरं आणि आकडे यांच्यामधली जागा एका अक्षराइतकी हवी, हा नियम तिनंच मला वाचून दाखवला.

मोटरीनं मात्र घाम काढला. टेक्सासमध्ये आउटबोर्ड मोटरीचं, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचं, टायटल (मालकीचा कागद) वेगळं लागतं. मिनेसोटात मोटरीला टायटलच नसतं. माझ्याकडे होती ती आठ वर्षांपूर्वीची, हाताने लिहिलेली पावती. ज्या काउंटरवर गेलो तिथे पहिल्या खेपेला एक कागद सांगितला, दुसऱ्या खेपेला दुसराच. ते ऑफिस कुठलं हे लिहीत नाही, कारण खिडकीमागच्या बाईंनी मनापासून मदत केली. नियमच त्यांना नीट सांगितलेला नव्हता. शेवटी मला मोटर विकणाऱ्या गृहस्थांना शोधून काढलं. त्यांनी नव्याने सही करून कागद पाठवला आणि काम झालं. ते हयात नसते तर काय केलं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही. जिथे मोटरीला टायटलच मिळत नाही अशा राज्यातून येणाऱ्या माणसाने नेमकं काय आणायचं, हे आपल्या विभागानं एका पानावर स्पष्ट छापलं तरी कितीतरी फेऱ्या वाचतील. आणि त्याच पानावर हेही असू द्या की बोट आणि मोटर आपल्या विभागाकडे, ट्रेलर मात्र काउंटीच्या टॅक्स ऑफिसात. मी ट्रेलरचे कागद घेऊन चुकीच्या दारात अर्धा दिवस उभा होतो.

आता मुख्य मुद्दा. बोट आणि मोटर आणताना मी प्रत्येकी १५ डॉलरचा कर भरला. राज्याच्या कायद्यात हा कर नव्या रहिवाशाचा आहे. म्हणजे कर घेताना मी रहिवासी. तेच फिशिंग लायसन्स घ्यायला गेलो तर सलग सहा महिन्यांहून जास्त काळ इथे राहिल्याशिवाय रहिवासी नाही. गोड्या पाण्याचं लायसन्स रहिवाशाला ३० डॉलरला, बाहेरच्याला ५८ ला. एकाच माणसाची, एकाच पत्त्यावर, एकाच महिन्यात दोन उत्तरं कशी निघतात? मिनेसोटात मला रहिवासी व्हायला ६० दिवस पुरले होते.

२८ डॉलर जास्त गेले म्हणून मी हे पत्र लिहीत नाही, ते मी भरलेही. पण ऑक्टोबरच्या मध्यापासून सहा महिने मोजा, एप्रिलचा मध्य येतो. इथे पाणी ६० अंश फॅरनहाइटच्या आसपास गेलं की मोठ्या माद्या अंडी घालायला उथळ पाण्यात येतात, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. टेक्सासच्या बासचं नाव ज्या दिवसांमुळे जगभर झालं, नेमके तेच दिवस मी या राज्यात परका म्हणून काढले.

हे नाव आपल्या विभागानंच कमावलं आहे. कॅडो सोडला तर टेक्सासात मोठा नैसर्गिक तलाव नाही. बाकी सगळं धरणांचं पाणी. त्या पाण्यात आपण फ्लोरिडाच्या जातीचा बास सोडला, लेक फोर्क भरताना उभी झाडं तशीच ठेवली, तिथे १६ ते २४ इंचांचा मासा परत सोडायचा नियम केला. १९८६ मध्ये त्याच तलावातल्या १७.६७ पौंडांच्या मादीपासून शेअरलंकर, म्हणजे लोकांनी पकडलेले मोठे बास पैदाशीसाठी घेण्याचा, कार्यक्रम सुरू झाला आणि १९९२ मध्ये तिथेच १८.१८ पौंडांचा राज्यविक्रम झाला. हे सारं लायसन्सच्या आणि गळाच्या पैशांवर चालतं, हे मी जाणतो. गळ, रीळ, आमिषं अशा बहुतेक सामानावर १० टक्के केंद्रीय कर बसतो, आणि १९५० च्या कायद्याप्रमाणे तो राज्यांना वाटला जातो. त्यातला एका राज्याला मिळू शकणारा सर्वांत मोठा वाटा, ५ टक्के, टेक्सासला मिळतो. मिनेसोटात राहून मी इतकी वर्षं जे सामान घेत होतो, त्यातलाही काही पैसा आपल्या हॅचरीत (माशांची पिल्लं वाढवायच्या केंद्रात) पोचला असेल. त्या माशांशी माझा संबंध इथे येण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

म्हणून मागणी एकच. ज्या दिवशी एखादा माणूस टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स दाखवून आपली बोट टेक्सासच्या नंबरावर घेतो, त्या दिवसापासून मासेमारीच्या लायसन्ससाठीही त्याला रहिवासी धरा. त्यासाठी कायदा बदलावा लागत असेल तर विधिमंडळ विषम वर्षाच्या जानेवारीत बसतं. तेव्हा हा प्रस्ताव आपल्याकडून जावा. बाहेरून दोन दिवसांसाठी येणाऱ्याला जास्त फी लावा, त्याला कोणाची हरकत नाही.

याच पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत लिहिलं ते फ्रिस्को, प्लेनो, आर्व्हिंगकडे दर महिन्याला येणाऱ्या आपल्या माणसांसाठी. त्यांच्यातही कोकणातून आलेले, गळ टाकायची सवय असलेले बरेच आहेत. मोटरीची जुनी पावती टाकून देऊ नका, एवढं त्यांना यातून कळलं तरी चालेल.

मार्चमध्ये माझ्या मुलीला पहिला टेक्सासचा बास मिळाला, प्लास्टिकच्या किड्यावर, बुडालेल्या झाडाच्या बुंध्याशी. पंधरा इंच. कायद्याप्रमाणे १४ इंचांवरचा ठेवता येतो, पण तिनं खालचा ओठ धरून त्याला क्षणभर पाण्यातच हलवलं आणि सोडून दिलं. सतरा वर्षांखालच्यांना लायसन्स लागत नाही, त्यामुळे त्या दिवशी आमच्या बोटीत 'बाहेरचा' मी एकटाच होतो.

आपला नम्र,
डेंटन काउंटीतला एक मराठी रहिवासी