थिबा पॅलेसमध्ये शिन सॉबू?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतील ब्रह्मदेशातील (आजच्या म्यानमारमधील) राणी शिन सॉबूवरील लेखासोबतचे छायाचित्र मी पाहताक्षणी ओळखले, कारण तो आमच्या रत्नागिरीचा थिबा पॅलेस आहे. पंधराव्या शतकातील राणीला 1910 साली उभ्या राहिलेल्या वाड्यात नेऊन बसवण्याचे कसब कोणाचे, हे कळले तर बरे होईल. त्यातच खाली ओळ छापली आहे की हा वाडा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याने बांधला. तो इंग्रज सरकारने, कैदेत ठेवलेल्या राजासाठी बांधला होता, हे आमच्याकडे शाळकरी पोरेही सांगतील.

लेखकाने शिन सॉबूला आवा या उत्तर ब्रह्मदेशातील राज्याच्या राजाची लाडकी राणी म्हटले आहे. तिच्या माहेरच्या, दक्षिणेतील पेगू राज्याचा आवाशी झालेला तह टिकावा म्हणून तिथला राजा असलेल्या भावाने तीन मुलांच्या या विधवा बहिणीला 1423 मध्ये थिहथू राजाला दिले, दोनच वर्षांत तो मारला गेला, पुढे मोह्निन थाडो गादीवर आला तेव्हा ती त्याचीही राणी झाली आणि अखेर तिच्याच मोन समाजातील दोन भिक्षूंच्या मदतीने पळून पेगूला माहेरी पोहोचली. याला लाड म्हणत असतील, तर कोड कशाला म्हणायचे?

आणि पुढे सतराएक वर्षे तिने पेगूवर स्वतः राज्य केले, त्याला लेखात जेमतेम तीन ओळी! काही वर्षांपूर्वी यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोडात भर दुपारी तापलेल्या संगमरवरावर अनवाणी पाय उचलून टाकत असताना, तिथल्या वयस्क वाटाड्याने तिने स्वतःच्या वजनाइतके, म्हणजे सुमारे 40 किलो सोने या स्तूपाला चढवल्याची कथा सांगितली. आमचा सहलवाला 'चला, चला' करत होता, तरी म्हातारा थांबला नाही. मिरवणुकीपुढून हटवलेल्या एका वृद्धाने 'मी म्हातारा खरा, पण तुमच्या राणीसारखा मूल होण्याच्या पलीकडे गेलेलो नाही' असे सुनावले, तेव्हा तिने त्याला शिक्षा तर केली नाहीच, उलट त्या दिवसापासून स्वतःला 'म्हातारी राणी' म्हणवून घेतले, हे सांगताना तो स्वतःच खुदकन हसला. या दंतकथेला आपल्या पानात जागा नव्हती. थिबा पॅलेसच्या छायाचित्राला मात्र तीन स्तंभ होते.

दुरुस्ती छापणार असाल तर त्याच पुरवणीत छापावी, राशिभविष्याखाली नको.

आपला,
एक जुना वाचक, रत्नागिरी