कमावलेले दिवस तारखेसकट द्या

मा. विल्यम मार्शल,
संचालक, फेडरल ब्युरो ऑफ प्रिझन्स (अमेरिकेच्या केंद्र सरकारचं तुरुंग खातं), वॉशिंग्टन डी. सी.

महोदय,

डिसेंबर 2018 मध्ये ‘फर्स्ट स्टेप ॲक्ट’ झाला. पात्र कैद्यांना तुरुंगाबाहेर हलवण्याची जबाबदारी त्यात थेट तुमच्या पदावर टाकली आहे. जमलं तर हलवा असं नाही, हलवलंच पाहिजे. म्हणून पत्र तुम्हालाच. आणि मराठीत, कारण अमेरिकेतल्या मराठी घरांतलाही एखादा माणूस कधी आत जातो. मग ते घर मंडळाच्या गणपतीला येईनासं होतं आणि शिक्षेचा हिशेब कुणाला विचारायचा, हेही त्यांना कळत नाही.

तो हिशेब त्यांच्यासाठी आधी मांडतो. 1 नोव्हेंबर 1987 पासूनच्या गुन्ह्यांना फेडरल पॅरोल, म्हणजे शिक्षा संपण्याआधी अटींवर सुटका, नाही. चांगल्या वागणुकीचे दिवस मात्र मिळतात, सुनावलेल्या शिक्षेच्या दर वर्षामागे 54 पर्यंत. म्हणजे पाच वर्षांच्या शिक्षेत 270. पूर्वी तुमचा ब्युरो हे दिवस प्रत्यक्ष भोगलेल्या काळावर मोजायचा आणि कैद्याच्या पदरात वर्षाला 47 च्या आसपासच पडायचे. ही काटछाट याच कायद्याने थांबवली.

याशिवाय वर्ग, प्रशिक्षण, ठरवून दिलेली कामं. अशा 30 दिवसांना 10 दिवसांचं क्रेडिट. पुन्हा गुन्हा करण्याचा धोका ‘किमान’ किंवा ‘कमी’ ठरला आणि सलग दोन मूल्यमापनांत वाढला नाही, तर 15. यातून सुटका जास्तीत जास्त 12 महिने अलीकडे येते. उरलेल्या क्रेडिटचे दिवस हाफवे हाउसमध्ये (सुटकेआधी देखरेखीखाली राहायचं, तुरुंगाबाहेरचं निवासी केंद्र) किंवा घरी नजरकैदेत काढता येतात. कोणत्या गुन्ह्यांना हे क्रेडिट नाही याची यादी लांबलचक आहे. ती वकिलासोबत बसूनच वाचावी.

कायदा वाईट नाही, महोदय. घोडं अडतं तारखेवर. 31 मार्च 2025 ला तुमच्या ब्युरोने पैशांचं कारण देऊन ‘सेकंड चान्स ॲक्ट’ या दुसऱ्या कायद्याखालचा हाफवे हाउसचा मुक्काम 60 दिवसांवर आणला. ओरड झाल्यावर एप्रिलमध्ये तो निर्णय मागे घेतला. जूनमध्ये तुम्ही दोन्ही कायद्यांचे दिवस एकत्र धरायला सांगितलं, शक्य असेल तिथे माणसाला थेट घरी पाठवायला सांगितलं. हा शेवटचा आदेश योग्यच आहे. पण बायकोने भाड्याची मोठी जागा घ्यायची की थांबायचं, गावाकडून आई-वडिलांना कधी बोलवायचं, नोकरी द्यायला तयार झालेल्या मालकाला कोणता महिना सांगायचा, हे सगळं त्या तीन महिन्यांत किती वेळा बदललं असेल? हाफवे हाउसमध्ये खाटा कमी पडतात हे खरं. मग कायदा घरी पाठवायची मुभा देतोच आहे, ती आधी वापरा.

आमच्यापैकी ज्यांच्याकडे नागरिकत्व नाही त्यांची गोष्ट आणखी अवघड. देशाबाहेर काढण्याचा अंतिम आदेश असेल, तर क्रेडिट खात्यावर जमा होतं पण वापरता येत नाही. जो माणूस नाहीतरी परत पाठवला जाणार, त्याला करदात्यांच्या खर्चाने जास्त दिवस आत ठेवण्यात काय शहाणपण आहे, हे मला आजवर कळलेलं नाही. ते बदलणं काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, हातात आहे, तुमच्या नाही. पण नुसता इमिग्रेशनचा डिटेनर (सुटकेच्या वेळी हा माणूस आमच्या ताब्यात द्या, अशी त्या खात्याची मागणी) म्हणजे अंतिम आदेश नव्हे, आणि डिटेनर आहे एवढ्यावरून क्रेडिट अडवायचं नाही हे 2023 मध्ये तुमच्याच ब्युरोने ठरवलं. हा फरक प्रत्येक तुरुंगातल्या केस मॅनेजरने पहिल्याच भेटीत कैद्याला सांगायला नको का?

2024 च्या अखेरीपासून कैद्यांना त्यांच्या कागदावर तुरुंगाबाहेर हलवण्याच्या अंदाजे तारखा दिसू लागल्या. चांगलं केलंत. आता एवढंच करा: ती तारीख पुढे ढकलायची असेल, तर का आणि किती दिवस, हे लेखी कळवा, खाली अधिकाऱ्याची सही असू द्या, आणि एक प्रत घरच्यांना मिळण्याची सोय करा.

आपला,
न्यू जर्सीतला एक मराठी करदाता