बाबांनी टाकलेल्या फायबरवर नवी किल्ली

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तांब्याच्या तारांच्या जोडीवर टॅप मारता यायचा, काचेच्या फायबरमधून कोण काय चोरणार?" सविस्तर सांगायचं होतं, म्हणून लिहिते.

चोरता येतं, बाबा. केबल जास्त वाकवली की लॉस वाढतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. तो लॉस म्हणजे बाहेर पडलेला प्रकाशच. कुणी मुद्दाम जरासं वाकवून तो टिपला, तर सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही.

माहिती कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात जाते हे खरं. पण किल्ली, म्हणजे ते कुलूप उघडणारा गुप्त आकडा, ठरवायला आजवर जे गणित वापरत आलो, ते मोठा क्वांटम कॉम्प्युटर सोडवू शकेल, हे पीटर शोर यांनी 1994 मध्येच दाखवून दिलंय. तेवढा मोठा कॉम्प्युटर अजून नाही. पण आज चोरलेला डेटा तोवर साठवून ठेवायला कोण अडवतंय? आई, तुझे हॉस्पिटलचे रिपोर्ट वीस वर्षांनीही खासगीच राहायला हवेत. मला घाई वाटते ती यासाठी.

म्हणून किल्ली एकेका फोटॉनवर, म्हणजे प्रकाशाच्या एकेका कणावर पाठवायची. ही रीत चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी 1984 साली मांडली. पाठवणारा प्रत्येक फोटॉन उभ्या-आडव्या किंवा तिरक्या ध्रुवीकरणात (प्रकाशाच्या कंपनाच्या दिशेत) सोडतो, कुठल्या ते नशिबावर. घेणाराही तसाच मोजतो. मग दोघं उघडपणे फक्त पद्धती (उभी-आडवी की तिरकी) ताडून बघतात आणि जिथे पद्धत जुळली तेवढेच बिट (0 किंवा 1) ठेवतात. मधल्या चोराला पद्धत ठाऊक नसते आणि फोटॉनची हुबेहूब नक्कल निघत नाही. त्यानं प्रत्येक फोटॉन मोजून पुढे ढकलला, तर ठेवलेल्या बिटांतला साधारण चौथा हिस्सा चुकतो. थोडे बिट तपासले की चोरी उघडी पडते आणि ती किल्ली रद्द होते. खरी माहिती मात्र नेहमीच्याच लेसरवर, नेहमीच्याच वेगानं जाते.

फेब्रुवारी 2022 मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीनं प्रयागराज ते विंध्याचल, 100 किलोमीटरहून जास्त अंतरावर हे करून दाखवलं. तेही आधीच टाकलेल्या साध्या फायबरवर! वाचताना तुमचीच आठवण आली.

अडचण अंतराची. किलोमीटरला 0.2 डेसिबल लॉस धरा. 100 किलोमीटरला 20, म्हणजे शंभरातला एकच फोटॉन पोचतो. ॲम्प्लिफायर लावला तर फोटॉनवरची खूणच बिघडते. चीननं बीजिंग-शांघाय या 2,000 किलोमीटरच्या मार्गावर किल्ली पुढे देणारी 32 केंद्रं उभारली, पण तिथे प्रत्येक ठिकाणी किल्ली उघडी होते. शेवटी भिस्त पहारेकऱ्यावरच, आणि हे मला पटत नाही. आपल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं लक्ष्यही 2,000 किलोमीटरचं आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्याही दारात येणार.

बाबा, इथे एकेका स्प्लाइसचा, म्हणजे फायबरच्या जोडाचा हिशोब द्यावा लागतो. भर पावसात खड्ड्यात बसून तुम्ही जॉइंटचा लॉस इतका कमी कसा आणायचात, फायबर कापताना काय सांभाळायचात, ते तुमच्या जुन्या वहीतून काढून व्हॉट्सॲपवर पाठवा. आई, तू त्यांच्या मागे लाग.

तुमची,
मनू