लोणच्याची फोड आणि मिठाचा हिशेब

संपादक महोदय,

लोणचे पौष्टिक की अपायकारक, हा वाद एका शब्दात मिटणारा नाही, कारण सगळी लोणची सारखी नसतात. मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या भाज्यांत लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात. ते आतड्यांना उपकारक ठरू शकतात. व्हिनेगर घालून, उष्णता देऊन बाटलीबंद केलेल्या लोणच्यात मात्र ते जिवंत उरत नाहीत. हा फरक वेष्टनावर ठळक छापायलाच हवा! खरी काळजी मिठाची. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, आणि त्यात इतर पदार्थांतले मीठही आलेच. रक्तदाबाच्या रुग्णांनी तर फोड मोजूनच घ्यावी. भाजीऐवजी लोणच्यावर भागवणे मला अजिबात पटत नाही; एवढ्याशा फोडीतून जीवनसत्त्वे मिळणार ती किती?

– एक वाचक