ते फॉरवर्ड काकूंना पुन्हा दाखवू नकोस

पुणे,
रविवार

प्रिय सुन्या,

व्हिडिओ पाहिला. 'मेंदूत चिप बसवली आणि लुळा माणूस चालू लागला!' काकूंनी तो तीनदा पाहिला म्हणतोस, म्हणून लिहायला बसलो. फोनवर तू मला पुरतं बोलू कुठे देतोस?

व्हिडिओतला माणूस चालायला लागलेला नाही. खुर्चीत दिसतो तो अमेरिकेतला नोलंड आर्बॉ. 2016 मध्ये पाण्यात मानेला मार बसला आणि खांद्याखालचं सगळं गेलं. आपल्या बाळ्यासारखंच, तो आंब्याच्या झाडावरून पडला, हा पाण्यात, इतकाच फरक. जानेवारी 2024 मध्ये न्यूरालिंक नावाच्या कंपनीचं नाण्याएवढं यंत्र त्याच्या कवटीत बसवलं. त्याचे 64 बारीक धागे मेंदूत, त्यांवर 1024 इलेक्ट्रोड, म्हणजे मेंदूतले विजेचे संदेश टिपणारे ठिपके.

तुटलेलं असतं ते मानेत, मेंदू शाबूत असतो. म्हणजे खांबावर लाइट आहे, घराकडे येणारी वायर तुटलीय. हात हलवायचं मनात आणलं की पेशी अजून संदेश सोडतातच. ते धागे तो टिपतात, कॉम्प्युटर त्याचा अर्थ लावतो आणि पडद्यावरचा बाण सरकतो. हात नाही रे, बाण.

पण बाणालाही कमी समजू नकोस. आर्बॉ आधी तोंडात काडी धरून टॅब चालवायचा, बाळ्या पेन धरतो तसाच. गणपतीत तुमच्याकडे राहिलो होतो ना, तेव्हा रात्री दोनला जाग आली. पेन चादरीवर पडलेलं आणि बाळ्या छताकडे बघत पडलेला. हाक का नाही मारलीस म्हटलं, तर म्हणे, "दिवसभर आईलाच हाका मारतो रे." आर्बॉ यंत्र बसवल्यावर पहाटेपर्यंत कॉम्प्युटरवर गेम खेळत बसला, बॅटरी संपेस्तोवर! मला त्या चिपपेक्षा हे जागरण जास्त भावलं.

आता दुसरी बाजू. ऑपरेशननंतर काही आठवड्यांतच त्याचे बरेचसे धागे मेंदूतून मागे सरकले, बाण अडखळू लागला. सॉफ्टवेअर बदलून निभावलं. आणि हे सगळं आजचं नाही. 2004 मध्येच मॅट नेगल नावाच्या तरुणाने मेंदूतल्या इलेक्ट्रोडच्या जोरावर ईमेल उघडली होती, टीव्ही चालवला होता. त्याच्या डोक्यातून वायर बाहेर यायची, एवढंच. वीस वर्षांनंतरही न्यूरालिंकची गाडी चाचण्यांच्याच स्टेशनात आहे. तेव्हा नाव नोंदवायला कुणी पैसे मागितले तर सरळ फोन ठेव. तुझा तो मेव्हणा उत्साही आहे, त्यालाही सांग.

डोकं हलवून बाण सरकवायचं सॉफ्टवेअर मात्र फुकट मिळतं, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चालतं. दिवाळीत येताना माझा जुना लॅपटॉप आणतो. बाळ्याची मान न दुखता किती वेळ वळते ते कळव. त्यालाच विचार, काकूंना नको. त्या वाढवून सांगतात.

तुझा,
अव्या