बस कधी येणार, हे सांगणारी यंत्रणा विकत घेण्यापूर्वी

संपादक महोदय,

शहर बससेवेसाठी नवे मोबाइल अ‍ॅप येणार, थांब्यांवर बसची वेळ दाखवणारे एलईडी फलक लागणार, अशा बातम्या आपल्या दैनिकासह सर्वत्र वरचेवर वाचायला मिळतात. त्यांत अ‍ॅपचे नाव असते, उद्घाटनाची तारीख असते, फलकांची संख्या असते. मात्र फलकावर उमटणारा आकडा कोठून येतो, तो किती वेळा खरा ठरतो आणि ती माहिती कोणाच्या ताब्यात राहते, याविषयी अवाक्षरही नसते. निविदा काढण्यापूर्वी विचारायला हवेत ते प्रश्न नेमके हेच आहेत. अ‍ॅप दिसायला कसे असावे, हा त्यामानाने किरकोळ विषय आहे.

बस या क्षणी कोठे आहे हे कळणे आता अवघड राहिलेले नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून सार्वजनिक प्रवासी वाहनांना स्थान सांगणारे उपकरण आणि आपत्कालीन बटण बसवण्याची तरतूद केली आणि १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या वाहनांना ती लागू झाली. म्हणजे रस्त्यावरची बस स्वतःचा ठावठिकाणा सांगू शकते. अडचण पुढे सुरू होते. उपकरण सांगते की अमुक क्रमांकाची गाडी अमुक चौकात आहे. ती गाडी आज कोणत्या मार्गावर, कोणती फेरी करीत आहे, हे त्याला ठाऊक नसते. ही सांगड घालण्याचे काम आगारात होते. पहाटे ड्युटी लावताना अमुक गाडी अमुक शेड्यूलला दिली, अशी नोंद होते. मग एखादी गाडी सुरूच होत नाही, तिच्याऐवजी दुसरी दिली जाते, वाहक वेळेवर न आल्याने एक फेरी गळते, दुपारी एका मार्गावर गर्दी वाढली म्हणून दुसऱ्या मार्गावरची गाडी तिकडे वळवली जाते. हे सारे बदल नियंत्रकाच्या वहीत आणि फोनवरच्या बोलण्यात असतात. ते त्याच वेळी संगणकात गेले नाहीत, तर कितीही महागडे सॉफ्टवेअर घेतले तरी ते रद्द झालेली फेरी दाखवत राहणार आणि प्रत्यक्षात धावणारी बदली गाडी त्याला दिसणारच नाही. म्हणूनच माझ्या मते या प्रकल्पातला पहिला रुपया फलकावर नव्हे, तर आगारातील ती नोंद नियंत्रकाला एका मिनिटात बदलता येईल अशा साध्या सोयीवर खर्च व्हायला हवा. त्या सोयीचे उद्घाटन करायला कोणी येणार नाही, ही गोष्ट निराळी.

दुसरी अडचण अंदाजाची. बस चार किलोमीटरवर आहे आणि ताशी पंधरा किलोमीटर वेगाने येत आहे असे धरले, तर तिला सोळा मिनिटे लागतील. संध्याकाळच्या कोंडीत तोच वेग आठवर आला, तर अर्धा तास लागेल. त्यामुळे केवळ अंतराला सरासरी वेगाने भागणारे सॉफ्टवेअर ऐन गर्दीच्या वेळी, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी, चुकते. चांगली यंत्रणा त्याच रस्त्यावरून काही मिनिटांपूर्वी गेलेल्या गाड्यांना किती वेळ लागला आणि त्या वाराला, त्या तासाला एरवी किती लागतो, याचा हिशेब धरते. सर्वांत अवघड अंदाज मात्र पहिल्या थांब्यावरचा असतो, कारण तेथे गाडी उभीच असते आणि ती कधी सुटणार हे वाहतुकीवर नव्हे, तर चालक-वाहकांची विश्रांती आणि नियंत्रकाचा इशारा यांवर ठरते. शिवाय सगळ्या चुका सारख्या नसतात, ही बाब निविदा लिहिणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते. आठ मिनिटांत येणार म्हणून सांगितलेली बस अकराव्या मिनिटाला आली, तर प्रवासी वैतागतो. पाचव्याच मिनिटाला येऊन गेली, तर ती त्याला मिळतच नाही. त्यामुळे ‘नव्वद टक्के अचूक’ असा दावा करणाऱ्या कंपनीला पहिला प्रश्न विचारावा तो हा की, उरलेल्या दहा टक्क्यांत बस लवकर निघून गेल्याची उदाहरणे किती आणि हे मोजमाप बस दोन मिनिटांवर असताना घेतले की पंधरा मिनिटांवर असताना.

येथे एका सर्रास चालणाऱ्या लपवाछपवीचा उल्लेख करणे भाग आहे. बसकडून संदेश येत नसेल, तर अनेक अ‍ॅप आणि फलक छापील वेळापत्रकातली वेळच ‘अमुक मिनिटांत’ अशा थाटात दाखवतात. प्रवासी उलटी मोजणी पाहत उभा राहतो, आकडा शून्यावर येतो, ओळ नाहीशी होते आणि बस येत नाही. वेळापत्रक दाखवण्यात गैर काही नाही. पण ते वेळापत्रक आहे असे स्पष्ट लिहावे, प्रत्यक्ष बसवरून काढलेली वेळ वेगळ्या रंगात किंवा खुणेने दाखवावी आणि शेवटचा संदेश किती वेळापूर्वी आला हेही सांगावे. कोरा फलक त्रासदायक असतो खरा, पण त्यावर विसंबून कोणी रिक्षा सोडून देत नाही.

आता माहितीच्या मालकीविषयी. अमेरिकेतील पोर्टलँडच्या ट्रायमेट या परिवहन संस्थेने २००५ मध्ये आपली वेळापत्रके गूगलला दिली आणि त्यातून मार्ग, थांबे, फेऱ्या व वेळा साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिण्याची एक खुली रीत जन्माला आली. जीटीएफएस या नावाने ती आज जगभर वापरली जाते. २०११ मध्ये तिला प्रत्यक्ष वेळेची जोड मिळाली. त्यात गाडीचे स्थान, फेरीला झालेला उशीर आणि मार्गबदलाच्या सूचना अशा तीन प्रकारची माहिती देता येते. सिएटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकाने २००८ मध्ये सुरू केलेले ‘वनबसअवे’ हे साधन अशाच उपलब्ध माहितीवर उभे राहिले. त्याच्या अभ्यासात असे आढळले की, ज्यांच्याजवळ बसची प्रत्यक्ष वेळ नव्हती त्यांना वाट पाहणे होते त्याहून लांबल्यासारखे वाटत होते, तर ती वेळ कळलेल्यांना तसे वाटत नव्हते. हे फक्त परदेशातच जमते असेही नाही. दिल्ली सरकारने २०१८ मध्ये आयआयआयटी-दिल्लीच्या साहाय्याने बसमार्ग आणि बसगाड्यांची प्रत्यक्ष स्थाने खुली करून दिली.

आपल्याकडे बहुतेक वेळा उलटे घडते. माझ्या परिचयातील अभियांत्रिकीच्या दोन विद्यार्थ्यांनी सोसायटीच्या फाटकाजवळ जुना टॅब लावून जवळच्या थांब्यावरील पुढच्या चार बसच्या वेळा दाखवण्याचे ठरवले होते. पडद्याचे काम एका सुटीत झाले. माहिती मात्र मिळाली नाही, कारण ती एका कंत्राटदाराच्या अ‍ॅपमध्ये बंदिस्त होती आणि ती मागायची कोणाकडे, हेच कार्यालयात कोणाला सांगता येईना. ही माहिती खुली असती, तर रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, महाविद्यालयाच्या आवारात, मंडईच्या दारात असे पडदे लोकांनी आपल्या खर्चाने लावले असते आणि महापालिकेला प्रत्येक थांब्यावर फलक लावून त्याची देखभाल करत बसावे लागले नसते. कंत्राट संपल्यावर अ‍ॅप बदलते, प्रवाशांना नवे उतरवून घ्यावे लागते आणि मागील वर्षांच्या नोंदी जुन्या कंपनीकडेच राहतात, ही नामुष्कीही टळली असती.

माहिती खुली केली तर रद्द फेऱ्यांची मोजदाद वर्तमानपत्रे करतील, अशी भीती अधिकाऱ्यांना वाटते. ती रास्त आहे. मोजदाद होईलच, आणि व्हावी. चालकांची भीती मला अधिक गंभीर वाटते. उशिराचा प्रत्येक मिनिट दंडाशी जोडला गेला, तर गाडी भरधाव हाकली जाईल किंवा थांबा न घेता पुढे नेली जाईल. प्रवाशांसाठी उघड होणाऱ्या माहितीवरून एकट्या चालकावर कारवाई होणार नाही, हे प्रारंभीच लेखी ठरवून घेतले पाहिजे.

मार्गबदलांची सोय बाहेरून आणलेल्या तयार सॉफ्टवेअरमध्ये फार दुबळी असते, याचाही अनुभव येतो. विसर्जनाच्या दिवशी पुण्याचा लक्ष्मी रस्ता बंद असतो, पालखीच्या काळात वाटेवरच्या गावांची वाहतूक वळवली जाते. अशा दिवशी कोणते थांबे वगळले आहेत, हे मराठीत आणि आदल्या दिवशीच सांगता आले पाहिजे. बोलीदार कंपन्यांना प्रात्यक्षिक दाखवायला सांगायचे असेल, तर ते अशाच एखाद्या दिवसाचे मागावे.

शेवटी एसटीविषयी. दर दहा मिनिटांनी बस असलेल्या शहरी मार्गावर वेळ कळली नाही तरी फार बिघडत नाही. जेथे दिवसातून दोनच गाड्या जातात, तेथे मिनिटांच्या अचूकतेला अर्थ उरत नाही. गाडी आगारातून सुटली की नाही, एवढेच कळायला हवे असते. तालुक्याच्या स्थानकावर संध्याकाळी मुक्कामी गाडीची वाट पाहणाऱ्यांजवळ स्मार्टफोन असेलच असे नाही आणि गावात इंटरनेट असेलच असेही नाही. त्यांच्यासाठी एका ठरावीक क्रमांकावर थांब्याचा आकडा पाठवला की ‘गाडी सुटली’, ‘सुटायची आहे’ किंवा ‘आज रद्द’ एवढे मराठी उत्तर देणारी एसएमएस सेवा पुरेशी आहे. आगारातील नोंद वेळेवर होत असेल, तर या सेवेला नकाशाही लागत नाही आणि थांब्यावर फलकही लागत नाही.

आपला विश्वासू,
एक नियमित बसप्रवासी